दोनशे तासांची बचत

१९७९ च्या मे महिन्याच्या अखेरीस, शिकागो येथे जमलेल्या वार्ताहरांच्या मेळाव्यापुढे, अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचे उपाध्यक्ष एल्वुड ड्रायव्हर यांनी एक तुटलेला बोल्ट हातात धरून दाखविला. ओ'हेअर विमानतळावर सापडलेला तो लहानसा धातूचा तुकडा आणि धावपट्टीच्या टोकापलीकडील माळावर जळून गेलेले एक प्रचंड विमान, यांची सांगड घालण्याची घाई त्या दिवसांत सर्वांनाच झाली होती. कारण अनर्थ जेवढा मोठा तेवढे त्याचे कारण लहान, निश्चित आणि मुठीत मावणारे असले, तर मृतांच्या आप्तांचे समाधान होवो अथवा न होवो, कारभाऱ्यांची मात्र मोठीच सोय होते. बोल्ट तुटला म्हणून इंजिन निखळले आणि इंजिन निखळले म्हणून विमान कोसळले, ही कार्यकारणाची मालिका वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर शोभूनही दिसत होती. प्रयोगशाळेतील परीक्षणाने थोड्याच दिवसांत ती उलटी करून टाकली. बोल्ट तुटल्यामुळे इंजिन निखळले नव्हते, तर इंजिन निखळताना बोल्ट तुटला होता. तेव्हा तपासाचा रोख शिकागो सोडून दूर नैर्ऋत्येकडे, ओक्लाहोमा राज्यातील टल्सा या गावी असलेल्या विमानदुरुस्तीच्या कारखान्याकडे वळला. आणि जे कारण तिथे आढळले ते मुठीत मावण्यासारखे नव्हते, कारण त्याचा काही भाग धातूत होता, काही कामाच्या रिवाजात होता, आणि बराचसा दप्तरांतल्या कागदांत विखुरलेला होता.

अमेरिकन एअरलाइन्सचे ते विमान मॅक्डॉनेल डग्लस कंपनीच्या 'डीसी-१०' जातीचे होते. एक इंजिन प्रत्येक पंखाखाली आणि तिसरे शेपटाच्या मुळाशी, अशी त्याची घडण. आणि ज्या रुंद पोटाच्या विमानांनी १९७० नंतरच्या दशकात हवाई प्रवास मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणला, त्यांपैकी ते एक. १९७१ च्या ऑगस्टमध्ये ते प्रथम प्रवाशांच्या सेवेत आणण्याचा मान अमेरिकन एअरलाइन्सकडेच गेला होता. पण या विमानाच्या लौकिकाला पहिल्या वर्षभरातच डाग लागला. १९७२ च्या जून महिन्यात याच कंपनीच्या एका डीसी-१० चे मालकोठीचे दार कॅनडातील विंडसर शहराच्या वर, उड्डाण चालू असतानाच निसटले, आणि कप्तान ब्राइस मॅकॉर्मिक यांच्या असामान्य कौशल्यामुळेच ते विमान डेट्रॉइटला सुखरूप उतरले. त्यानंतर सक्तीचा हुकूम काढण्याऐवजी संघीय विमानवाहतूक प्रशासनाचे प्रमुख आणि डग्लसचे अध्यक्ष यांच्यात आपसांत तोंडी समझोता झाला, की कंपनीने सुधारणा स्वखुशीने कराव्यात. मोठ्या माणसांनी एकमेकांच्या शब्दावर विसंबावे यात वरकरणी गैर काही नाही; परंतु दाराच्या कडीला तो शब्द ऐकू जात नाही. ३ मार्च १९७४ रोजी तुर्की एअरलाइन्सच्या डीसी-१० चे तेच दार पॅरिसजवळ उघडले, विमान एर्मेनोन्व्हीलच्या अरण्यात कोसळले, आणि ३४६ माणसे प्राणास मुकली. शिकागोच्या अपघाताचा त्या दाराशी काडीचाही संबंध नव्हता. पण १९७९ मध्ये डीसी-१० हे नाव लोकांच्या कानांवर पडताच त्यांच्या चेहऱ्यांवर जी शंका उमटत असे, तिचा उगम मात्र तेथेच होता.

आता मूळ प्रकरणाकडे वळू. पंखाखालचे इंजिन थेट पंखाला जडलेले नसते. दोहोंच्या मध्ये 'पायलॉन' नावाचा एक मजबूत सांगाडा असतो, आणि इंजिनाचे वजन, त्याचा चाळीस हजार पौंडांचा रेटा, वादळातले हेलकावे आणि उतरतानाचे हादरे, हे सारे त्याच्यामार्फतच पंखापर्यंत पोहोचते. डीसी-१० चा पायलॉन पंखाला पुढच्या व मागच्या बाजूंस गोलाकार बेअरिंगांच्या आधाराने जोडलेला होता. मागच्या जोडणीपाशी पायलॉनच्या शेवटच्या आडभिंतीला वरच्या अंगाला धातूची एक कड होती, आणि पंखातून खाली आलेला दुबेळक्यासारखा आकडा त्या कडेच्या अगदी निकट येत असे. नेहमीच्या उड्डाणात या निकटतेचा त्रास नव्हता. परंतु पायलॉन बसविताना किंवा उतरविताना तो वाजवीपेक्षा जरासा वर सरकला, तर आकडा त्या कडेवर आदळे. आणि ती जागा अशी अडचणीची होती, की आदळल्याचे बाहेरून दिसत नसे.

या बेअरिंगांच्या बाबतीत उत्पादकाने मे १९७५ मध्ये एक सेवापत्रक काढले आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये दुसरे. बेअरिंगे बदलावीत, आणि त्यासाठी आधी इंजिन उतरवून घ्यावे, मग रिकामा पायलॉन वेगळा काढावा, अशी त्यांतली पद्धत होती. इंजिन उतरविल्यावर उरलेला पायलॉन दोन हजार पौंडांच्या आतच भरतो, त्यामुळे त्याला अचूकपणे हाताळणे अवघड नसते. परंतु हे काम दोन टप्प्यांत करायचे म्हणजे प्रत्येक इंजिनामागे इंधनाच्या व द्रवदाबाच्या नळ्या, विजेच्या तारा आणि इतर जोडण्या मिळून ७९ ठिकाणी सोडवणूक करावी लागे. तेच इंजिन व पायलॉन एकत्र, जसेच्या तसे उतरविले तर या जोडण्या २७ वर येत, आणि एका विमानामागे माणसांच्या कामाचे सुमारे दोनशे तास वाचत. अमेरिकेत विमानकंपन्यांवरील भाडे व मार्ग यांची सरकारी नियंत्रणे उठविणारा कायदा १९७८ च्या ऑक्टोबरात झाला होता, स्पर्धा उघड्यावर आली होती, आणि इंधनाच्या किमती पुन्हा चढू लागल्या होत्या. अशा काळात दोनशे तास हा आकडा कोणत्याही हिशेबनिसाच्या डोळ्यांत भरावा असाच होता. त्यात गुप्त किंवा लाजिरवाणे काही नव्हते. कंपनीच्या अभियंत्यांनी या पद्धतीचा विचार केला, तिचा लेखी हुकूम तयार केला, उत्पादकाच्या प्रतिनिधीला विचारलेदेखील.

प्रतिनिधीचे उत्तर इतिहासाने जपून ठेवण्यासारखे आहे. त्याचा मथितार्थ असा, की जोडलेले इंजिन व पायलॉन पुन्हा पंखाच्या जोडणीत बसविताना धोका संभवतो, त्यामुळे आम्ही या पद्धतीस उत्तेजन देणार नाही. पण ती मंजूर किंवा नामंजूर करण्याचा अधिकार उत्पादकाला नव्हता. आणि विमानकंपनीने आपली कार्यपद्धती स्वतः ठरवावी, त्यासाठी प्रत्येक वेळी सरकारी मंजुरी घेण्याची गरज नाही, असा त्या वेळचा कायदा होता. म्हणजे ज्याला धोका दिसला त्याच्या हाती अधिकार नव्हता, आणि ज्या सरकारी खात्याच्या हाती अधिकार होता त्याच्यापुढे कागदच आला नाही. अशा रीतीने, कोणीही मनाई न केल्यामुळे, ती पद्धत रूढ झाली.

युनायटेड एअरलाइन्सही इंजिन व पायलॉन एकत्र उतरवीत असे, पण त्यासाठी ती वरून ओढून धरणारी यारी वापरी. अमेरिकन आणि काँटिनेंटल या कंपन्यांनी फोर्कलिफ्टची निवड केली. वरून टांगलेले ओझे आणि खालून दातांवर तोललेले ओझे यांच्या स्वभावांत मोठा फरक असतो. इंजिन व पायलॉन मिळून तेरा हजार पौंडांहून अधिक वजन. ते फोर्कलिफ्टच्या दोन दातांवर तोलायचे, त्याचा गुरुत्वमध्य नेमका कोठे आहे ते अदमासाने ठरवायचे, आणि ज्याच्या हाती यंत्राची दांडी आहे त्या चालकाला ती मागची जोडणी दिसतच नसल्यामुळे, वर चढलेल्या सोबत्याच्या हाकांवर व हातवाऱ्यांवर विसंबून, त्याने दातांची उंची अंशाअंशाने सांभाळायची. गोदामातील पेट्या हलविण्यासाठी बनविलेल्या यंत्राकडून घड्याळजीच्या चिमट्याची अपेक्षा करण्यासारखे ते होते. त्यात भर अशी, की लेखी हुकुमात पुढची जोडणी आधी व मागची नंतर सोडवावी असा क्रम दिलेला असताना, प्रत्यक्षात कामगारांना मागची जोडणी आधी सोडविणे सोयीचे वाटले. तो क्रम त्यांनी आपापसांत बदलला, आणि वरिष्ठांच्या दप्तरी त्याची नोंद झाली नाही. मुळात सोयीसाठी निघालेल्या पद्धतीच्या पोटात आणखी एक सोय शिरली, असेच म्हणावे लागेल.

काँटिनेंटलच्या दुरुस्तीशाळेत या पद्धतीने दोनदा हिसका दिला. डिसेंबर १९७८ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी १९७९ मध्ये पायलॉन हाताळताना मागच्या आडभिंतीच्या त्याच वरच्या कडेला तडा गेला. दोन्ही वेळी तो दिसला, दोन्ही वेळी उत्पादकाच्या संमतीने तो भाग दुरुस्त झाला, आणि विमान पुन्हा सेवेत गेले. येथपर्यंत सारे रीतसर झाले. परंतु दोन्ही तड्यांची नोंद कामगाराच्या हातून झालेली चूक अशा सदराखाली झाली, आणि चूक म्हटली की चौकशी चूक करणाऱ्यापाशीच थांबते. एकच कड, त्याच जागी, दोन महिन्यांच्या अंतराने दोनदा का फुटावी, असा प्रश्न पद्धतीला कोणी विचारला नाही. सरकारी नियमही असा चमत्कारिक होता, की सेवेत असताना निर्माण झालेला दोष कळविणे कंपनीवर बंधनकारक होते, पण दुरुस्ती करताना झालेली इजा त्या व्याख्येत बसत नव्हती. म्हणून संघीय प्रशासनाला या दोन घटनांचा पत्ता लागला नाही. उत्पादकाने मात्र डिसेंबरच्या घटनेचा उल्लेख जानेवारी १९७९ मध्ये आपल्या ग्राहक कंपन्यांना पाठविलेल्या एका परिपत्रकात, इतर घटनांच्या मालिकेत, केला होता. अमेरिकन एअरलाइन्स त्या परिपत्रकाच्या यादीत होती. पुढे साक्षी झाल्या तेव्हा निष्पन्न झाले, की टल्साला पायलॉनचे काम ज्यांच्याकडे होते त्या अभियंत्यांना व कामगारांना असे काही परिपत्रक आल्याची खबरच नव्हती. राज्यकारभाराच्या इतिहासात महत्त्वाचा खलिता पोहोचूनही न पोहोचल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. येथे तर खलित्याला घोडेस्वाराचीही गरज नव्हती, तो एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जायचा होता.

२९ मार्च १९७९ च्या रात्री टल्सा येथे ज्या विमानाची डावी बाजू कामासाठी मोकळी केली, त्याचे नोंदणीचिन्ह एन-११०-एए असे होते. काम सुरू झाले, इंजिनाखाली फोर्कलिफ्टचे दात सरकविण्यात आले, आणि काम अर्ध्यावर असताना पाळी बदलण्याची वेळ आली. रात्रपाळीची माणसे गेली आणि दिवसपाळीची आली. मधल्या वेळात इंजिन तसेच दातांवर तोललेले राहिले, आणि दिवसपाळीच्या माणसांनी येऊन पाहिले तेव्हा पायलॉन जागचा हललेला, मागच्या जोडणीत अडकलेला आढळला. तो पुन्हा सरळ करून घेण्यात आला. त्यांनी पाहिले ते त्यांच्या दृष्टीने नित्याचेच होते. अवजड वस्तू हलविताना अशी अडवणूक होत असतेच. परंतु केव्हातरी, खाली घेताना किंवा वर चढविताना, पंखाचा आकडा त्या वरच्या कडेवर दाबला गेला होता, आणि कडेत सुमारे दहा इंच लांबीची चीर पडली होती. बेअरिंगे बदलली गेली, जोडण्या घट्ट बसविल्या गेल्या, कागदांवर सह्या झाल्या, आणि ज्या कामासाठी हा सारा खटाटोप झाला ते काम उत्तम पार पडल्याची नोंद होऊन विमान बाहेर पडले.

त्यानंतर आठ आठवडे ते विमान उडत होते. प्रत्येक उड्डाणात इंजिन पूर्ण जोराने रेटा देई आणि प्रत्येक उतरणीत तो रेटा सैल पडे. धातूच्या परिभाषेत ज्याला थकवा म्हणतात त्या क्रियेने चीर पुढे पुढे सरकत गेली, आणि मे महिन्याच्या अखेरीस ती सुमारे तेरा इंचांची झाली होती.

२५ मे हा शुक्रवार होता, आणि पुढच्या सोमवारी अमेरिकेत युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणाची सुटी असल्यामुळे विमानतळावर गर्दी होती. लॉस एंजेलिसला जाणाऱ्या १९१ क्रमांकाच्या विमानात २५८ उतारू आणि १३ कर्मचारी बसले. त्यांत लॉस एंजेलिस येथे भरलेल्या ग्रंथविक्रेत्यांच्या संमेलनाला निघालेली प्रकाशनक्षेत्रातील मंडळीही होती. हवा निरभ्र होती. कप्तान वॉल्टर लक्स हे अनुभवी वैमानिक होते, आणि त्या फेरीत प्रत्यक्ष उड्डाण सहवैमानिक जेम्स डिलार्ड यांच्या हाती होते. तीन वाजून दोन मिनिटांच्या सुमारास विमान धावू लागले. ज्या वेगाला पोहोचल्यावर विमान थांबविणे शक्य नसते, तो वेग मागे पडला, नाक वर उचलले गेले, आणि नेमक्या त्याच क्षणी डावे इंजिन पायलॉनसह, पंखाच्या पुढच्या कडेचा तीन फुटांचा लचका घेऊन सुटले, आपल्याच वेगाने पंखावरून उलटे जाऊन मागे धावपट्टीवर आदळले. नियंत्रण मनोऱ्यातील माणसाने हे डोळ्यांनी पाहिले, आणि परत यायचे आहे का, कोणती धावपट्टी हवी, असे तातडीने विचारले. विमानातून उत्तर आले नाही.

वैमानिकांना स्वतःच्या आसनांवरून पंख दिसत नाहीत. एक इंजिन बंद पडले एवढेच त्यांना उपकरणांनी सांगितले, आणि एक इंजिन बंद पडल्यावर काय करावे याचा नियम त्यांना तोंडपाठ होता. त्या नियमाप्रमाणे विमान १५३ नॉट या ठरलेल्या सुरक्षित वेगावर आणायचे आणि त्याच वेगाने उंची घेत राहायचे. विमानाचा वेग त्यापेक्षा जास्त, १७२ नॉटपर्यंत गेलेला होता. तेव्हा नियमाला धरून डिलार्ड यांनी नाक थोडे चढते ठेवून तो हळूहळू कमी केला. तीनशे फुटांच्या आसपास उंची मिळालेलीही होती. पण डाव्या पंखाची स्थिती नियम लिहिणाऱ्यांच्या कल्पनेपलीकडची झाली होती. उड्डाण आणि अवतरण यांच्या वेळी, कमी वेगातही पंखाला हवेचा आधार मिळावा म्हणून, त्याच्या पुढच्या कडेवरील सरकत्या पट्ट्या बाहेर काढलेल्या असतात. त्यांना 'स्लॅट' म्हणतात. इंजिनाने जाता जाता द्रवदाबाच्या नळ्या तोडल्या होत्या, आणि डीसी-१० मध्ये बाहेर काढलेले स्लॅट कोणत्याही यांत्रिक खिळीने नव्हे, तर नळ्यांत कोंडलेल्या द्रवानेच जागी राहत असत. द्रव वाहून गेला आणि समोरून येणाऱ्या हवेने डाव्या पंखाच्या बाहेरच्या बाजूचे स्लॅट आत ढकलले. त्याच पिढीतील इतर मोठ्या विमानांत अशा प्रसंगी स्लॅट जागी धरून ठेवण्याची सोय होती. स्लॅट आत गेल्यावर डाव्या पंखाला हवेचा आधार टिकण्यासाठी निदान १५९ नॉटचा वेग हवा होता. उजव्या पंखाला त्याहून पुष्कळ कमी पुरत होता. वेग १५९ वर उतरला आणि डावा पंख निराधार होऊन खाली जाऊ लागला.

हे कळविण्यासाठी विमानात दोन इशारे होते: वेग धोक्याच्या मर्यादेला येताच कप्तानाच्या हातातील दांडी थरथरवणारे यंत्र, आणि दोन पंखांच्या स्लॅटांची स्थिती जुळत नसल्यास पेटणारा दिवा. दोहोंना वीज मिळत होती ती त्याच निखळलेल्या इंजिनाच्या जनित्रावरून. कप्तानापुढची उपकरणेही त्याच प्रवाहावर चालत, ती मेली. ध्वनिमुद्रकही त्याच क्षणी मुका झाला, त्यामुळे शेवटच्या अर्ध्या मिनिटात कप्तान, सहवैमानिक आणि तांत्रिक अधिकारी या तिघांत काय बोलणे झाले याची कोणतीही नोंद राहिली नाही. तुटलेला प्रवाह दुसऱ्या जनित्राकडून जोडून घेण्याची कळ तांत्रिक अधिकाऱ्याच्या फलकावर होती, पण ती शोधायला लागणारा अवधी त्यांच्यापाशी नव्हता. जमीन सोडल्यापासून एकतीस सेकंदांत, एका कुशीवर पूर्ण कलंडून नाक खाली केलेले ते विमान धावपट्टीच्या टोकापासून सुमारे १,४०० मीटरांवर कोसळले. पलीकडे फिरत्या घरांची वस्ती होती. विमानातील २७१ जण आणि जमिनीवरील दोघे मृत्युमुखी पडले.

पुढे तपासमंडळाने यंत्ररूप नकली विमानात हाच प्रसंग उभा करून तेरा वैमानिकांकडून तो पुन्हा पुन्हा करवून घेतला. ज्यांनी विहित नियम पाळून वेग १५३ नॉटवर आणला त्यांच्या हातून विमान निसटले; ज्यांनी वेग कमी न करता नाक जरा खाली घेतले त्यांच्या हातांत ते राहिले. कर्तव्यदक्ष माणसाचा घात त्याच्या शिस्तीनेच व्हावा, असे प्रसंग इतिहासात विरळा आढळतात, आणि लक्स व डिलार्ड यांच्यावर ठपका ठेवण्याचे मंडळाच्या मनातही आले नाही.

इकडे तपासणीचा हुकूम सुटला तसा अमेरिकन आणि काँटिनेंटल या दोन्ही कंपन्यांच्या इतर काही डीसी-१० विमानांत त्याच कडेला तडे सापडू लागले. ही सर्व विमाने त्या क्षणापर्यंत माणसे घेऊन उडत होती. प्रवाशांच्या एका संघटनेने न्यायालयात धाव घेतली, वर्तमानपत्रांनी १९७४ चे पॅरिस पुन्हा उकरून काढले, आणि ६ जून रोजी संघीय प्रशासनाचे प्रमुख लँगहॉर्न बाँड यांनी डीसी-१० या जातीच्या योग्यतेचा दाखलाच तहकूब केला. एखाद्या विमानाला नव्हे, संपूर्ण जातीला जमिनीवर बसविण्याचे फर्मान ही साधी गोष्ट नव्हती. केवळ अमेरिकन कंपन्यांचीच १३८ विमाने ठप्प झाली. युरोपातील कंपन्यांनी आपली देखभालीची पद्धत वेगळी असल्याचा दावा करून आपली विमाने आधीच पुन्हा हवेत आणली, आणि त्यावरून सरकारांमध्ये बराच पत्रव्यवहार व त्रागा झाला. अमेरिकेतील बंदी १३ जुलैला उठली.

त्याच वर्षी २१ डिसेंबरला मंडळाने स्वीकारलेला अहवाल सरकारी गद्याचा नमुना असला, तरी त्याची रचना विचारपूर्वक केलेली आहे. तात्कालिक कारण म्हणून त्यात डावा पंख निराधार होणे, स्लॅट आत जाणे आणि इशाऱ्यांची वीज तुटणे यांची नोंद आहे, आणि त्या सर्वांच्या मुळाशी दुरुस्तीच्या अयोग्य पद्धतीमुळे पायलॉनला झालेली इजा आहे. पण मंडळ तेथेच थांबले नाही. देखभालीच्या वेळी सहज इजा होईल अशी जोडणीची रचना, स्लॅटांना जागी धरून न ठेवणारी योजना, संघीय प्रशासनाच्या देखरेखीतील व दोषांच्या वार्ता पोहोचविण्याच्या व्यवस्थेतील उणिवा, आणि अशा अभूतपूर्व आपत्तीत घातक ठरणारा उड्डाणनियम, यांनाही त्याने दोषाचा वाटा दिला. संबंधितांपैकी प्रत्येकाला अहवालात आपल्याला सोडून इतरांकडे बोट दाखविणारे एखादे वाक्य सापडू शकले. मला मात्र हीच त्या अहवालाची सचोटी वाटते. काँटिनेंटलच्या दुरुस्तीशाळेत जो प्रश्न विचारला गेला नाही, तो त्याने सर्वांना एकदमच विचारला. संघीय प्रशासनाने अमेरिकन एअरलाइन्सला पाच लाख डॉलरांचा आणि काँटिनेंटलला एक लाख डॉलरांचा दंड ठोठावला.

फोर्कलिफ्टने इंजिन व पायलॉन एकत्र हलविण्याची पद्धत तत्काळ बंद झाली, आणि ७९ जोडण्या सोडविण्याचे कंटाळवाणे काम पुन्हा ७९ जोडण्यांचेच झाले. थरथरणारी दांडी यापुढे दोन्ही वैमानिकांच्या हाती असावी, असा आदेश निघाला. इंजिन गेल्यावर हाती असलेला जादा वेग उगाच उतरवून टाकू नये, अशी उड्डाणाच्या नियमांत दुरुस्ती झाली.

डीसी-१० चा व्यापार मात्र सावरला नाही. नव्या मागण्या आटत गेल्या आणि १९८० चे दशक संपता संपता कारखान्यातील त्याची बांधणी थांबली. वास्तविक दुरुस्त झालेले ते विमान पुढे कित्येक दशके प्रवासी आणि माल निमूटपणे वाहत राहिले, आणि बांगलादेशाच्या बिमान कंपनीकडे तर ते २०१४ पर्यंत प्रवाशांच्या सेवेत होते. लोकांच्या मनातली धास्ती प्रमाणपत्र परत मिळाल्याने जात नाही, हे विमानकंपन्यांनी ओळखले होते. अमेरिकन एअरलाइन्सच्या या विमानांच्या नाकाजवळ 'डीसी-१० लक्झरी लायनर' अशी अक्षरे मोठ्या अभिमानाने रंगविलेली असत. अपघातानंतर कंपनीने त्यांतले 'डीसी-१०' पुसून टाकले आणि त्या जागी स्वतःचे नाव लिहिले.